मशीनमामांची सही

शिलाई कारखान्यातल्या बायका त्यांना मशीनमामा म्हणत. मशीन जरा कुरकुरलं की "मामा, बघा हो, काय झालंय याला!" अशी हाक जायची आणि मामा स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. माणूस भलताच गुणी, पण एक खोड होती. जे मशीन आवाज न करता चालतंय ते उघडायचंच नाही, हा त्यांचा कायदा. आणि हा कायदा ते मशीनपुरता ठेवतील तर ना!

महिनाअखेर कारखान्यातला मामांचा मजला बंद होणार होता, आणि त्याबरोबर त्यांची नोकरीही. ऑफिसातल्या बाईंनी त्यांना बोलावलं, खुर्ची दिली आणि सेवासमाप्तीचा करार पुढे केला. "आजच सही करून टाका मामा, म्हणजे तुमचेच पैसे लवकर निघतील." मामांनी कागद चाळला. काही खटकलं नाही, मग उघडायचं कशाला? पेन हातात घेतलं, तोच खालून हाक आली, एक मशीन अडकलं होतं. मामा कागद खिशात कोंबून पळाले.

संध्याकाळी शर्ट भिजत घालताना तो कागद बायकोच्या हाती लागला. ती घरी कपडे शिवायची आणि मापाच्या बाबतीत कुणाच्या बापावर विश्वास ठेवायची नाही.

"अहो, हे वाचलंत?"

"वाचलं की. सरळ आहे सगळं."

"सरळ? ऐका मग." तिने बोट ठेवून वाचलं. पुढची दोन वर्षं मामांनी शिलाई मशीन दुरुस्त करायचं नाही. कुणाचंच नाही. पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. "म्हणजे माझं मशीन बिघडलं की मी दुसरा नवरा शोधू का?"

मामा हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरलं होतं. टेबलसुद्धा आणून ठेवलं होतं.

"पण बाई आजच म्हणाल्या गं. त्यांना काय वाटेल?"

"विचार करायला पंधरा दिवस आहेत, इथेच लिहिलंय. भिडेखातर सही केलीत तर बघा!"

शब्दाला शब्द लागला. "तुला सगळ्यातच खोट दिसते," म्हणत मामा न जेवताच आडवे झाले.

सकाळी ते चहाही न घेता निघाले आणि थेट ऑफिसातल्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, हे कलम काढा."

"अहो मामा, ते सगळ्यांच्याच कागदात असतं. कोण बघायला येतंय!"

"मग ठेवता कशाला?" मामांनी कागद त्यांच्यापुढे परत सरकवला. "नोकरी घेतलीत, घ्या. हात नाही लिहून देणार मी."

बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलल्या. शेवटी ते कलम वगळून नवा कागद निघाला. मामांनी तो तिथेच बसून पहिल्या शब्दापासून वाचला, मगच सही केली.

बायको दारातच उभी होती. "काढलं ते," मामा म्हणाले. तर ही बया मटकन खाली बसून रडायलाच लागली.

"अगं, झालं ना तुझ्या मनासारखं?"

"मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने सही करून याल."

मामा तिच्या शेजारी फरशीवरच टेकले. "रागातच गेलो होतो. पण खरं सांगू? भीती वाटली. काम नसलेला मी तुला आवडेन का, याची."

"वेडेच आहात," ती म्हणाली आणि त्यांच्याच बाहीला डोळे पुसले.