दिसणारं पाणी

माझ्या बायकोच्या मामांइतकं पाण्याला ओळखणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही लातूरचाच असणार. एकतीस वर्षं त्यांनी लातुरात व्हॉल्व्हमनची नोकरी केली. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातातल्या लांबलचक चावीवर ठरायचं. त्या काळात रस्त्यात त्यांना कुणी नमस्कार घातला नाही. सगळे थेट ‘आज हाय का?’ एवढंच विचारायचे. निवृत्त झाले, पण सवयी काही निवृत्त झाल्या नाहीत. कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या टाकीला बोटाने टकटक करून आत पाणी कुठवर आहे ते आधी सांगणार, मग चपला काढणार. आमच्या लग्नात तर भाचीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून मामा मंगलाष्टकांतच गायब झाले. शेवटच्या ‘सावधान’ला कार्यालयाच्या गच्चीवरून उतरले ते ओरडतच, “टाकी कोरडी हाय! पंगत बसवू नका!” दोन्ही घरांची अब्रू त्या दिवशी मामांनी वाचवली, तरी ऐनवेळी पाठीशी नव्हते, हे भाची अजून बोलून दाखवते.

मी नांदेडात लग्नांच्या फिल्म एडिट करतो. उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापून काम अर्धवट टाकून बंद पडायचा, म्हणून तो पाण्यावर थंड करायची यंत्रणा घ्यायचं ठरलं. मामा नेमके भाचीकडे आलेले. दुकानात बरोबर आले. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक सीलबंद: पाणी कारखान्यातच भरलेलं, नळ्या काळ्या, बसवा आणि विसरा. दुसरा आपण जुळवायचा: पारदर्शक टाकी, छोटा पंप, पारदर्शक नळ्या, रेडिएटर आणि अधूनमधून पाणी बदलायची कटकट. मी अर्थातच सीलबंदवर बोट ठेवलं.

“आत पाणी हाय कशावरून?” मामांनी दुकानदाराला विचारलं.

“गॅरंटी आहे ना काका. पाच वर्षं बघायची गरज नाही.”

“बघायची गरज न्हाई असं पाणी असतंय का कुठं?” मामा खरोखर दुखावले होते. “सीलबंद पाणी परवासात प्यायला ठीक. जावईबापू, जे पाणी दिसंना त्याचा भरोसा धरू नका.” मग दुसऱ्या प्रकाराकडे वळले आणि त्यांचा चेहरा खुलला. “टाकी, मोटार, पाइपलाइन... ही तर आपली योजनाच हाय की!”

झालं, योजना घरी आली. दोन दिवस मामा फरशीवर मांडी घालून नळ्या जोडत होते. नळीच्या वाटेत पाणी बंद-चालू करायची एक चावी पाहिजेच, हा त्यांचा हट्ट. दुकानदार नको म्हणाला, पण चावी बसली. लाल दांड्याची, बोटभर. पुढे दर तीन महिन्यांनी मामा लातूरहून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मांडीवर घेऊन एसटीने यायचे. गोदावरीकाठच्या गावाला लातूरहून पाणी आणणारा हा एकटाच माणूस. तेच पाणी नांदेडात कोपऱ्यावर मिळतं, हे त्यांना पटवायचा नाद मी सोडून दिला.

एकदा असंच पाणी बदलून, यंत्र चालवून बघून, चहा घेऊन मामा लातूरला निघाले. मी कामाला बसलो. संध्याकाळच्या रिसेप्शनला पडद्यावर दाखवायची फिल्म तयार होत होती आणि कॉम्प्युटर खटकन बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी वैतागून मामांना फोन लावला. “मामा, पाणी फिरत नाही!”

पलीकडे एसटीचा खडखडाट चालू होता. मग बारीक आवाजात मामा म्हणाले, “चावी बगा बरं.”

चावी बंद होती. एकतीस वर्षं गल्लीची पाण्याची पाळी झाली की चावी बंद करूनच घरी गेलेला तो हात. निघताना आपसूक फिरला होता.

मी चावी उघडली, फिल्म वेळेत पोचली. पण मामा वाटेत लोह्याला उतरून, दुसरी एसटी धरून परत आले होते. दारातच उभे राहिले, आत येईनात. “एवढ्या वर्सांत माझ्या हातून कोणाच्या पाण्याची पाळी चुकली न्हाई,” ते म्हणाले. “आज घरच्याचंच पाणी तोडलं. तुमी ते बंदवालंच घ्या, जावईबापू. माझा भरोसा ऱ्हायला न्हाई.”

“बंदवालं घेतलं तर तुम्ही येणार कशाला, मामा?” मी विचारलं.

मामा आत आले, चावी पूर्ण उघडी आहे हे दोनदा बघितलं, तिचा लाल दांडा उपसून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मग भाचीकडे अर्धा ग्लास पाणी मागितलं.

आता त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. पाणी मीच बदलतो. दांडा अजून त्यांच्याच खिशात असतो, आणि रोज सकाळी फोन येतो, “फिरायलंय ना?” मी फोन पंपाजवळ धरतो. पलीकडे मामा श्वास रोखून ती बारीक घरघर ऐकतात. “व्हय,” म्हणतात, “चालू हाय,” आणि फोन ठेवतात.

पंप आता थकलाय. दुकानदार म्हणतो, या खेपेला सीलबंदच घ्या, अजिबात आवाज येत नाही. मी हो म्हणतो आणि घरी येतो. अजिबात आवाज आला नाही, तर सकाळी मामांना मी काय ऐकवू?