तिसरं कडवं

लॉरेल फोर्कच्या खाणगावात व्हर्लीन टॅकेटला नावाने कमी आणि ‘गाण्यातली ती’ म्हणूनच जास्त ओळखत. डेन्झिल कोम्ब्झ गाव सोडून ओहायोच्या टायर कारखान्यात लागला आणि त्याने गावावर एक गाणं रचलं. रेडिओवर ते लागलं की तिकडे गेलेली आमची माणसं पुढ्यातलं जेवण तसंच ठेवून रडायची. दरीतलं धुकं, आईच्या चुलीवरची मक्याची भाकरी, सगळं त्यात होतं. आणि तिसऱ्या कडव्यात होती व्हर्लीन. तो बसथांब्यावर दोन तिकिटं घेऊन उभा, आणि ती आलीच नाही!

खरं तर सगळं उलटंच होतं. पत्र्याची ट्रंक घेऊन व्हर्लीन दिवस मावळेपर्यंत बसथांब्यावर थांबली होती. डेन्झिल सकाळच्याच गाडीने एकटा निघून गेला होता. पण गाणं इतकं गोड, की हिचं ऐकतो कोण? ‘‘काय गं, आज तरी गाठणार का बस?’’ असं टपालवालासुद्धा विचारायचा. तिने लग्न केलं नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. चर्चमध्ये तिच्यासारखा गळा कुणाचा नव्हता, पण ते गाणं तिने कधी ओठांवर आणलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डेन्झिल वारला तेव्हा त्याला पुरायला गावीच आणलं. ओहायोत कितीही वर्षं काढा, शेवटी आमच्या माणसाला माती इथलीच लागते. त्याची बायको लॉरेन तिकडचीच, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सरळ व्हर्लीनसमोर येऊन उभी राहिली.

‘‘त्याचं गाणं तुम्ही म्हणाल का? सगळे म्हणतात, इथे तुमच्यासारखं कुणी गात नाही.’’

पुरुषमंडळी हातातल्या टोप्यांकडे बघू लागली. चुलतबहीण ओमा कानाशी पुटपुटली, ‘‘मेल्यावरही त्याची हौस पुरवणार का गं तू?’’

‘‘पुरवते की. पण तिसरं कडवं माझं.’’ उभ्या जन्मात एकदा, सगळ्यांदेखत, तिला खरं सांगायचं होतं.

रागातच तिने सुरुवात केली. पण धुकं आलं, चूल आली, आणि नदीकाठी गिटार घेऊन बसलेला तो पोरगाही आठवला. मग तिसरं कडवं आलं. त्याने एकच तिकीट काढलं, मी ट्रंकेवर बसून राहिले, असं तिने गायलं. पण गावाला गाणं तोंडपाठ! सगळ्यांनी सवयीने जुनेच शब्द मोठ्याने गायले आणि तिचा आवाज त्यात बुडून गेला.

नंतर चर्चच्या अंगणात जेवणं मांडली. व्हर्लीन सफरचंदाचा थरांचा केक कापत होती. लॉरेन शेजारी येऊन बसली.

‘‘मी तुमच्या अगदी जवळ उभी होते, तुमचे शब्द मला ऐकू आले,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘घरी गाताना तिसरं कडवं आलं की तो थांबायचा. म्हणायचा, शब्द विसरलो. स्वतःच्याच गाण्याचे! इतक्या वर्षांत एकदाही पुढे गेला नाही.’’

व्हर्लीनच्या हातातली सुरी थांबली. हसू आणि रडू तिला एकदमच आलं. डोळे पुसून तिने केकचा मोठा तुकडा लॉरेनच्या ताटात वाढला.

‘‘खा बाई,’’ ती म्हणाली. ‘‘लांब जायचंय तुला.’’