दुसरीने भरलेली सुई

नर्सिंग शाळेच्या मुख्य बाईंना पोरी पाठीमागे 'तोफ' म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या सकाळी तोफ तापलेलीच होती. पहिल्या वर्षाच्या एका पोरीने वॉर्डात सिस्टरने भरून ठेवलेलं इन्सुलिन भलत्याच म्हातारीला टोचलं. म्हातारीला दरदरून घाम फुटला, शुद्ध हरपली. डॉक्टर धावले म्हणून निभावलं. आपण न भरलेली सुई टोचायची नाही, हे बाई पहिल्याच आठवड्यात घोकून घेत. पोरीला ते पाठ होतं. पण सिस्टरने ट्रे हातात कोंबला, 'टोच गं पटकन' म्हणाली आणि सुईत काय, कुणासाठी, हे न सांगताच सटकली. पोरीची जीभच उचलली नाही.

बाईंनी आधी तिलाच सोलून काढलं. इतकं, की निरोप मिळताच येऊन बाहेर बसलेला तिचा बाप कावराबावरा होऊन उभा राहिला. मग त्या तणतणत हॉस्पिटलच्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी निकाल लावून ठेवला होता. पोरीला शाळेतून काढा, विषय मिटवा. सिस्टर जुनी, तिला दुखवायचं नाही. वर सल्लाही दिला, की प्रमुखाच्या अंगी नेतृत्व हवं आणि नेतृत्वाला डोकं थंड लागतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज शिपाई वर्गाच्या दारात येतो, 'साहेबांनी वॉर्डात कामाला चार पोरी मागितल्यात' म्हणतो, जशा काही खुर्च्याच न्यायच्यात. आणि आपणही कुरकुरत का होईना, पाठवतो. त्याचा त्यांना जास्त संताप आला.

"पोरगी चुकली. तिला शिक्षा मी देईन, पण ती शाळा सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि शिकवणारी सोबत असल्याशिवाय आता एकही पोरगी वॉर्डात यायची नाही."

"मग वॉर्ड मी कसे चालवू, बाई?"

"थंड डोक्याने चालवा."

साहेबांनी त्यांच्यासमोरच संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. नवी मुख्य बाई बघावी लागेल, असं ऐकू येईल इतपत मोठ्याने सांगितलं.

दुपारी शिपाई आलाच. बाईंनी त्याला दारातूनच पिटाळलं आणि शेवटच्या बाकावरच्या सुजल्या डोळ्यांच्या पोरीला पुढं बोलावलं. स्वतःच ट्रे घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी सिस्टर आहे. धर, टोच पटकन."

पोरगी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने. मी उद्या इथं असेन-नसेन."

"सिस्टर, ही मी भरली नाही. मी टोचणार नाही."

"पुन्हा," बाई खेकसल्या. "आणि मान वर करून."