मामाच्या हरभऱ्यावर रुसलेले कुंज

"यंदा कुंज उनातच नहीत," मामा फोनवर म्हणाला. आवाज असा, की मी बॅगच भरली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नंदुरबारकडच्या कोरीट गावचा शेतकरी. कुंज म्हणजे कांड्या करकोचे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून थंडीत तापीकाठी येणारे आणि मामाचा हरभरा फस्त करणारे. जन्मभर त्यांच्यामागे गोफण घेऊन शिव्या घालत पळाला, आणि आता ते नाहीत तर त्याला जेवण जाईना.

नाशिकहून धुळे, तिथून नंदुरबारची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मिजास पूर्ण! नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागतात; लालभडक मिरची वाळत असते आणि अख्खी बस शिंकते. रुमाल जवळ ठेवा. पुढे रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही.

मामीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. "तुना मामा सकायपाईन माळ्यावर बशेल शे. हरभरा वाची गया, तं खुश व्हवाले पाहिजे ना?"

डिसेंबर सरत आला तरी शेतात घाम फुटत होता. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, चढून मी मामाला पक्षीवेड्या मित्रांकडून ऐकलेलं सांगितलं: तिकडे उत्तरेतही ऋतू बिघडलेत, पाणथळी आटतायत, थंडी लांबणीवर पडते, मग पाखरं उशिरा निघतात, कमी येतात, वाटेतच रेंगाळतात. मामाने ऐकून घेतलं आणि गोफणीची दोरी पुन्हा पिळली.

दुसऱ्या सकाळी आधी आवाज आला, मग आभाळात रेघ दिसली. पूर्वी आभाळ भरून जायचं, ही तर बोटभर. तरी मी आनंदाने ओरडलेच. कुंज गिरक्या घेत उतरले, ते शेजारच्या सुकलालभाऊंच्या शेतात.

"मन्हा हरभरा काय कडू शे का?" मामा भडकला. गोफण घेऊन बांधाला वळसा घालून गेला आणि कुंजांना आपल्या शेताकडे हाकलू लागला! सुकलालभाऊ धावत आले. "आरे, मन्हा पाव्हणा शेतस त्या! ऱ्हाऊ दे!"

दोघांची जुंपली. कुंज उठले आणि दोघांच्याही डोक्यावरून नदीपलीकडे निघून गेले. मला हसू आवरेना, तरी ती रेघ पुसट होईपर्यंत मी बघत राहिले.

नाशिकला आले तरी बॅगेला मिरचीचा वास होता. हरभरा काढल्यावर मामाचा फोन आला. "बांधना जोडे एक पट्टा उभा ठेवेल शे, कुंजसाठे. त्या सुकलालनी दोन ठेवात!"

कुंज परत आले का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.