शांताआजीची चूल आणि बिजाई

प्रिय नील आणि रेवा,

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलेत, "शांताआजी आता खोकत कशी नाही?" तेव्हा नीट सांगता आले नाही. कालच तिच्याकडून परतले आहे, म्हणून आज लिहिते.

पौषात मी लाखांदूरला एसटीतून उतरले, तेव्हा शेतांत कोणीतरी तणीस (धानाचा पेंढा) पेटवली होती. माझ्या या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात त्याहून दाट धूर होता. चूल पेटलेली, खिडकीत पोते कोंबलेले, वर आढ्याला बिजाईची (पेरणीसाठी राखलेल्या धानाची) गाठोडी. गॅस होता, पण पाहुण्यांच्या चहापुरता.

"शांते, खिडकी उघड!"

"काहून? धूर गेला तं बिजाईले कीड लागन. सासूनं देल्लेलं धान हाये ते, ताई."

तळ्याची पाळ (बांध) चढताना ती खोकत दर चार पावलांवर बसे. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"आजी, बिडी ओढता का?"

"मी कायले ओढू? माहा बुढा बी ओढत नाही!"

"मग हा चुलीचा धूर. श्वासाचा पंप देते, पण धूर थांबला नाही तर पंप काय करणार?"

घरी आल्यावर मी एकच विचारले, "बिजाई धुराविना टिकली तर?"

शांताने आढ्याची गाठोडी खाली उतरवली. मग आम्ही धान कडक वाळवले, कडुनिंबाचा पाला घालून ढोलीत (बांबूच्या कणगीत) भरले. चूल अंगणात गेली.

"एक दाणा जरी किडला, तं चूल परत आत," तिने बजावले.

या मे महिन्यात पुन्हा गेले. वाटेत बस पंक्चर झाली, उन्हात तासभर उभी राहिले. घरी पोचले तर खिडकी सताड उघडी आणि शांता गायब. तेवढ्यात पाळीवरून हाक आली.

"ताई, वर ये! काहून बसून राहिली? पंप तुलेच द्या लागते का?"

मी धापा टाकत वर पोचले. तिने हातातले ओले फडके उलगडले. त्यातल्या बिजाईच्या प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटला होता. आम्ही दोघी खूप हसलो, आणि हसताना तिला खोकला आला नाही.

परतीच्या बसमध्ये वाटले, वर्षानुवर्षे मी तिला धुरावरून रागावले. बिजाईचे काय, हे कधी विचारलेच नव्हते. तिचा पंप चालू आहे. गावात तणीस अजून जळते. त्या दिवशी ती खिडकी लावून घेते. पण सासूबाईंचे धान शाबूत आहे, आणि शांता पाळ चढते.