जळलं का नुस्तं रुसलं

मशीन उघडलं की काकू आदी वास घ्यायच्या. कोथिंबिरीची जुडी हुंगावी तसं आतलं हिरवं सर्किट नाकाशी धरायच्या अन् म्हणायच्या, "जळलंय का नुस्तं रुसलंय, बगू."

कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं रिपेरीचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. मी पालीवरनं टेम्पोत बसून आले ती रडतच. पोरीला बाळदमा, वाफेचं मशीन सकाळी बंद पडलेलं, पोरगी मांडीवर सूं सूं करतीय, अन् माझ्या तोंडात एकच, काकू बगा, काकू बगा.

"आगं, तू दम घे आदी. एका मशीनवर दोगींना कशी वाफ द्यायची?"

तशातबी हसू आलं बगा मला.

हुंगलं. "जळलं न्हाई. रुसलंय." मंग माझं भ्याव जावं म्हणून असंल, बोट फिरवत सांगाय लागल्या. "ह्या रेघा म्हंजी पाट. रानात पाणी फिरतं तशी हितनं वीज फिरती. ह्यो पट्ट्यापट्ट्यांचा रेझिस्टर, पाटातला दगूड, बेतानं सोडतो. ह्यो डायोड, पुढं जाऊ देतो, माघारी न्हाई. अन् ह्यो पिंपावानी कपॅशिटर म्हंजी रांजण. भरून ठिवतो, लागंल तसं देतो."

मी बोट लावाय गेले, तर खसकन हात धरला. "पिन काढली तरी रांजणात पाणी ऱ्हातं, बाय! झटका दील."

मंग भिंगातनं बगून म्हणल्या, "घावलं. टाका सुटलाय."

म्या पटकन पिशवीतनं सुईदोरा काढून दिला. मी बेलाउज शिवते ना, मला तेवढाच टाका ठावं!

काकू पोट धरून हसल्या. "शिशाचा टाका गं, येडे!" हसतच तापली सळई टेकवली. जरासा धूर, मोहरीएवढा चकचकीत थेंब. मशीन घुर्र करून उठलं.

"घरी न्हेत बसू न्हको. हितंच दे वाफ."

पोरीची छाती हळूहळू निवली. माझ्या लेकराचा श्वास, अन् मोहरीएवढा थेंब! मी काकूंच्या हाताकडं बगतच ऱ्हायले. भाजल्याचे डाग होते नुस्ते.

औंदा काकू गेल्या. टपरीत आता मोबाईलची कव्हरं लटकत्यात.

मशीन चालतंय. वाफ झाली की मी पिन काढते, तर त्यातला लाल दिवा लगीच इझत न्हाई, बारीक बारीक होत जातो. पोरगी बोट दावती, "आई, रांजण."

त्यो इझंस्तवर आमी दोगी बसून ऱ्हातो. हात लावत न्हाई.