लेकीचे रेणू आणि हप्त्याचा कॉम्प्युटर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर किरटं. चौथीनंतर शाळा सुटली. हे वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागून ठेवते.

लेक कोल्हापुरातच एम.एस्सी.ला केमिस्ट्री शिकत होती. प्रोजेक्टसाठी घरी कॉम्प्युटर हवा होता. भिशीतून कर्ज काढून एक जुना घेतला. भिशी चालवणारी गल्लीतली वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "हप्ता चुकला तर त्यो कॉम्प्युटरचा डबा उचलून न्हेणार बघ. आन् पोरगी त्यावर भाकऱ्या थापती काय गं?" बायका हसल्या.

दिवसा लेक कॉलेजात, मी घरी मजुरीवर कोल्हापुरी चपलांच्या चामड्याच्या वेण्या घालत बसलेली. संध्याकाळी भारनियमन, म्हणून तिची गणितं दुपारी माझ्याकडे. पडद्यावर वहीसारखं पान असायचं. चार ओळींचा एक कप्पा, त्याखाली उत्तर, परत पुढचा कप्पा. दोन अणू एकमेकांपासून किती लांब ठेवले की शांत बसतात, हे ती त्यात शोधायची. मी एकेका कप्प्यावर जाऊन दोन बटणं एकदम दाबायची. उत्तर येईपर्यंत वेणी, मग पुढचा कप्पा.

एकदा मधेच वीज गेली. आल्यावर पान उघडलं, तर वरची उत्तरं जागच्या जागी. मी तिथून पुढं दाबत गेले. सगळीकडे चूक दाखवणारी लाल अक्षरं उमटली.

लेक आली आणि डोक्याला हात लावून बसली. "आई, वीज गेली की त्याला वरचं कायबी आठवत न्हाय. पयल्यापास्नं दाबाय लागतंय."

"आगं, दिसतंय की समदं!"

"दिसतंय नुसतं. ठावं न्हाय त्याला."

मग रोज तेच. वीज गेली की पहिल्यापासून. त्यात वेण्या मागं पडल्या आणि हप्त्याला पैसे कमी आले. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "चला, काढा डबा भायेर."

मी हातातली वेणी खाली ठेवून दारात आले. म्हटलं, "पोरीचं काम हुईस्तवर ऱ्हाऊ द्या वैनी. एक हप्ता जादा देते."

"जादा म्हंजे जादा. मागनं तोंड लपवायचं न्हाय."

प्रोजेक्ट पुरा झाला, लेक पास झाली. पुढं कॉम्प्युटरही बंद पडला. हप्ते मात्र चालूच होते. सकाळी उठलं की वेण्या घालून आखडलेली बोटं उघडायची नाहीत. शेवटी एका संध्याकाळी, तो जादाचा हप्ता धरून, सगळे पैसे वहिनीच्या हातावर ठेवले. तिनं ते दोनदा मोजले आणि म्हणाली, "फिटलं की गं समदं."